संस्थापकाचे राजकारण आणि आपला रुपया

उद्योग उभारणाऱ्याची राजकीय मते पाहून त्याचा माल घ्यावा की टाळावा, हा प्रश्न आपल्या नांदेड-लातूरला नवा नाही.

नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचेच पाहा. उदगीरला विणलेल्या खादीपासून नांदेडला राष्ट्रध्वज तयार होतात. संस्थेचे संस्थापक स्वामी रामानंद तीर्थ, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते. खादीचा प्रसार मुळी राजकीय चळवळीतूनच झाला. स्वामीजींविषयीच्या आदरापोटी कोणी ही खादी घेतली, तर त्यात गैर काय?

आता दुसरी बाजू. याच नांदेडात निजामाच्या नावाची उस्मानशाही मिल होती. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. मिल मात्र पुढे अनेक वर्षे चालली. केवळ नावाचा राग धरून लोकांनी तिचे कापड नाकारले असते, तर निजामाचे काय बिघडले असते? चुली विझल्या असत्या त्या नांदेडच्या गिरणी कामगारांच्या.

मग बहिष्कार चूकच का? तसे नाही. 1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा त्या कापडाचा पैसा परक्या सत्तेला बळ देत होता. मालक आजही नफ्यातून एखादे राजकारण पोसत असेल आणि ते आपल्याला अन्यायाचे वाटत असेल, तर आपला रुपया रोखून धरण्याचा हक्क ग्राहकाला आहेच. कारखाना कोणी काढला, यापेक्षा आपला रुपया आज कोठे जातो, हे पाहणे महत्त्वाचे.

ही कसोटी आवडत्या संस्थापकालाही लावली पाहिजे. स्वामीजी 1972 मध्ये गेले. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज बाजारात असताना खादीचा घ्यायचा, तो भिंतीवरच्या तसबिरीसाठी नव्हे. सूत कातणाऱ्या, कापड विणणाऱ्या हातांना काम मिळते म्हणून. आणि त्या हातांना रास्त मजुरी मिळते का, हेही विचारायचे. थोर संस्थापकाच्या नावाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

येत्या 15 ऑगस्टला ध्वज घ्याल, तेव्हा किमतीबरोबर एवढे जरूर विचारा: हे कापड कोणी विणले, आणि त्याच्या हाती काय पडले?