नटाची रजा



नाटकाची जाहिरात येते, तिकिटे खपतात आणि आयत्या वेळी तिकीटखिडकीवर कागद चिकटवलेला दिसतो : ‘अपरिहार्य कारणामुळे आजचा प्रयोग रद्द.’ हे कारण पुष्कळदा प्रमुख नटाचे चित्रीकरण असते. मग आपण म्हणतो, पैशापायी हा रंगभूमीशी बेइमान झाला! हा निवाडा घाईचा आहे, असे आमचे मत आहे.

जुन्या नाटक मंडळ्यांत नट मंडळीच्या बिऱ्हाडी राहत, तिच्याच पंगतीला जेवत आणि पगार घेत. बोलपट आला आणि ही घडी विसकटली. १९३२ साली गोविंदराव टेंबे ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्र झाले. १९३४ साली मास्टर दीनानाथांच्या मंडळीनेच ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. १९३५ साली खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, पण ते तेथे रमले नाहीत, पुन्हा नाटकाकडे वळले. तेव्हा नटाने दुसऱ्या कामाला जाणे हे काही आजचे पाप नव्हे.

आजच्या व्यावसायिक नटाला पगार नाही. प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. प्रयोग नाही, तर नाइट नाही. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत प्रयोग रोडावतात, घरखर्च मात्र रोडावत नाही. अशा वेळी चित्रपट वा मालिका हाती आली तर त्याने ती का सोडावी? डॉ. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य होते, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या कामामुळे त्यांच्या नटपणाला उणेपणा आला, असे कोण म्हणेल?

परंतु या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. नेपथ्य लावणारे, कपडेपट सांभाळणारे, रंगभूषा करणारे यांचीही मिळकत प्रयोगावरच. चार प्रयोग बुडाले, तर नटाची भरपाई चित्रीकरणातून होते. यांची कोठून व्हावी? अन्याय आहे तो येथे. नटाने रजा घेण्यात नव्हे, तर त्याच्या रजेने सगळ्यांचीच चूल थंडावण्यात.

यावर उपाय आहे. नटाने तारखा वेळेवर कळवाव्यात. निर्मात्याने बदली नटाला पुऱ्या तालमी द्याव्यात आणि त्याचे नाव जाहिरातीत स्पष्ट छापावे. पैसे घेतल्यावर बदल सांगणे ही फसवणूक होय.

उरतो प्रेक्षक. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले, तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर उभे केले डॉ. श्रीराम लागूंनी. पुढे दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनीही ते केले. तीन नटांचे तीन अप्पासाहेब झाले आणि प्रेक्षकांनी ते पाहिले. भूमिका एका नटाला चिकटून राहिली असती, तर नुकसान कोणाचे झाले असते? आपलेच.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे जाहिरातीत ओळखीच्या नावाऐवजी नवे नाव दिसले, तर तिकीट काढल्याविना परतू नका. पहिला अंक तरी पाहा. रजेवर गेलेल्या नटाची जागा राखणे निर्मात्याच्या हाती असेल. पण नाटक चालू ठेवणे आपल्या हाती आहे.