खोक्यावरचे ‘५२५ पट’
(मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आम्ही म्हणजे चौघे जण. जमेल त्या शनिवारी इंदूरचे दिवे मागे टाकून महूच्या पुढे दुर्बीण घेऊन जाणारे. चौघांतला एकही खगोलशास्त्र शिकलेला नाही. बोलायला उभा केला आहे तो शासकीय खात्यातला डिप्लोमावाला, कारण मिलिमीटरची भीती त्याला सगळ्यांत कमी. तेव्हा आज थोडे मिलिमीटर येतील, पण भागाकार चौथीतला आहे.

कॉलनीत दुर्बीण लावली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ही किती पट मोठं दाखवते हो?” विचारणाऱ्याला कसा दोष द्यायचा? खोक्यावर तेच सर्वांत ठळक छापलेलं असतं. ७६ मिलिमीटर तोंडाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची, आरसा असलेली दुर्बीण नवशिक्यांसाठी म्हणून सर्रास विकली जाते. तिच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं लिहिलेलं असतं. गंमत अशी, की हा आकडा खोटा नाही. हिशेब बरोबर आहे, आणि तरीही तेवढ्या पटीत धड काहीच दिसत नाही.

हिशेब असा. नळीच्या तळाशी बसवलेला अंतर्गोल आरसा, किंवा भिंगाची दुर्बीण असेल तर पुढचं मोठं भिंग, प्रकाश गोळा करून नळीत एक इवलीशी प्रतिमा तयार करतं. ती प्रतिमा बघायला आपण डोळ्यापाशी जे लहान भिंग लावतो तो आयपीस, पाठ्यपुस्तकातली नेत्रिका. घड्याळजी डोळ्याला लावतो त्या भिंगाचाच हा भाऊ. त्याच्या कडेवर २५, १०, ४ असा आकडा कोरलेला असतो. ते त्याचं नाभीय अंतर. दुर्बिणीच्या ७०० ला या आकड्याने भागा. २५ चा लावला तर २८ पट, १० चा लावला तर ७० पट, ४ चा लावला तर १७५ पट. म्हणजे आयपीसचा आकडा जितका लहान, तितकं चित्र मोठं. खोक्यात बार्लो नावाचं आणखी एक भिंग असतं, ते आयपीसच्या आधी घातलं की पट तिप्पट होते. १७५ त्रिक ५२५. झाला आकडा तयार.

आता तूप-पोळीकडे वळू. आरशाने जेवढा प्रकाश गोळा केला तेवढाच आपल्याजवळ आहे, आयपीस त्यात थेंबाची भर घालत नाही. २८ वरून ७० पटीला गेलो की चित्राची लांबी-रुंदी दोन्ही अडीचपट होतात, म्हणजे एका पोळीचं तूप सव्वासहा पोळ्यांना लावायचं. २८ वरून ५२५ ला गेलात तर तेच चमचाभर तूप साडेतीनशे पोळ्यांना! ते कुठे लागलं आहे हे शोधत बसा. शिवाय ७६ मिलिमीटरच्या आरशाला बारकावे दाखवण्याचीही एक मर्यादा आहे, आणि ती प्रकाशाच्या स्वभावातूनच येते, कंपनी कोणतीही असो. साधारण नियम असा, की तोंडाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पट ही हद्द. ७६ ला सुमारे १५०. त्यापुढे पासपोर्ट फोटोचं चौकातलं फ्लेक्स केल्यासारखं होतं. चेहरा मोठा होतो, नाकडोळे पुसट होतात.

बरं, हवा आपल्या हातात नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत गरम वाफ सोडत असतो. तव्यावरच्या हवेतून पलीकडची भिंत हलताना दिसते ना, तसा गुरू हलतो. जितकी पट जास्त, तितकं हे हलणं मोठं. म्हणून आम्ही गच्चीपेक्षा गवताची जमीन पसंत करतो.

पट वाढली की आकाशाचा तुकडाही लहान होतो. साध्या आयपीसने २८ पटीत पावणेदोन अंश आकाश दिसतं, म्हणजे तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी मावतील. १७५ पटीत अर्धा चंद्रही मावत नाही. त्यात पृथ्वी फिरते आहे. २८ पटीत मधोमध आणलेला ग्रह तीन-साडेतीन मिनिटं नजरेत राहतो, १७५ पटीत अर्ध्या मिनिटात कडेला पळतो. लुकलुकत्या तिपाईवर त्याला परत पकडायचं म्हणजे नवशिक्याची परीक्षाच.

जुन्या लोकांचा हिशेबही ऐका. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून. हायगेन्सने १६५५ साली शनीचा टायटन हा चंद्र शोधला, तेव्हा पट होती सुमारे ५०, आणि पुढचं भिंग तर आपल्या ७६ पेक्षाही लहान होतं. आणि इथे शेजारी उज्जैनला जा, सवाई जयसिंगांच्या वेधशाळेतल्या यंत्रांना एकही भिंग नाही.

हे सगळं सांगायचं कारण एक मुलगा. आमच्या ओळखीच्या घरातला, सातवीतला. वाढदिवसाला आजोबांनी हौसेने दुर्बीण आणून दिली. त्याने साहजिकच ४ चा आयपीस आणि बार्लो लावला. सर्वांत मोठं दिसतं तेच सर्वांत चांगलं, असं कुणालाही वाटेल. चार रात्री करड्या अंधाराशिवाय काही दिसलं नाही. मुलाने कुणाकडे तक्रार केली नाही. आपल्यालाच जमत नाही, असं त्याने ठरवून टाकलं आणि दुर्बीण कपाटावर गेली. आजोबांना वाटलं, नातवाला आवड नाही. आम्ही गेलो, सगळं काढून नुसता २५ चा आयपीस लावला आणि चंद्र दाखवला. पुढचा अर्धा तास आजोबांना त्याने दुर्बिणीजवळ येऊ दिलं नाही! अशा कपाटावरच्या आणि माळ्यावरच्या दुर्बिणी आपल्या समाजात बऱ्याच असतील, असा आमचा अंदाज आहे.

मग सुरुवात कशाने करावी? आमचं मत विचाराल तर गौरींनी. हसू नका. भाद्रपदात गौरी येतात अनुराधा नक्षत्रावर, पूजा ज्येष्ठावर, विसर्जन मुळावर. ही नक्षत्रं कुणाची? चंद्राची. म्हणजे त्या तीन संध्याकाळी चंद्र वृश्चिक राशीच्या भागातून जात असतो, आणि पूजेच्या दिवशी लाल ज्येष्ठा ताऱ्याच्या आसपास असतो. तिथी षष्ठी ते अष्टमीच्या जवळपासची, त्यामुळे चंद्र साधारण अर्धा. चतुर्थीचा चंद्र आपण पाहत नाही, पण तीन-चार दिवसांनी येणारा हा चंद्र दुर्बिणीसाठी पौर्णिमेपेक्षा कितीतरी सरस. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर डोंगरांच्या लांब सावल्या पडतात, खड्डे उठून दिसतात. आधी २५ चा लावून अख्खा चंद्र बघा. मग १० चा लावून ती रेष वरून खाली न्याहाळा.

पुढे पितृपक्षात संध्याकाळी चंद्र नसतो. पाऊस ओसरला असेल तर नैऋत्येला मुळाजवळ, विंचवाच्या नांगीच्या जरा पूर्वेला, साध्या डोळ्यांनाही एक धुरकट ठिपका दिसतो. टॉलेमीने दुसऱ्या शतकात त्याची नोंद केली होती. तो तारकागुच्छ एक अंशाहून मोठा आहे. २५ च्या आयपीसमध्ये तो थाळीत सांडलेल्या साखरेसारखा दिसतो. १० चा लावा, कडेचे तारे बाहेर जातात आणि गुच्छच हरवतो. उलट चैत्र-वैशाखात वसिष्ठ-अरुंधती बघा. लग्नात दाखवतात ती ही जोडी. दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन तारे निघतो. २८ पटीत ते चिकटलेले वाटतात, ७० पटीत छान सुटे होतात आणि अरुंधतीही त्याच चित्रात राहते. कुठे कोणता आयपीस, हे असं बघूनच कळतं.

खरेदीचं थोडक्यात सांगतो. २५ आणि १० हे दोन आयपीस जरा बरे घ्या. ‘प्लोसल’ लिहिलेले चालतील, त्यात चार भिंगं असतात आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ येतं. त्यांच्या जोडीला दुप्पट करणारा बार्लो घेतला की २८, ५६, ७० आणि १४० अशा चार पटी मिळतात. २० आणि १० घेतले तर बार्लोने २० चा पुन्हा १० होतो, पैसे फुकट. नळीचं तोंड सव्वा इंचाचं आहे ना, हे आधी पट्टीने मोजा. काही जुन्या किंवा स्वस्त दुर्बिणींना त्याहून बारीक, २४.५ मिलिमीटरचं तोंड असतं, त्यात हे बसत नाहीत.

चष्मेवाल्यांसाठी एक गोष्ट. नुसता दूरचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकस फिरवून भागतं. सिलिंडरचा नंबर असेल तर तो लागतोच, आणि मग डोळा आयपीसपासून जरा दूर राहतो. चारचा आयपीस त्यांना जवळजवळ निरुपयोगी, कारण त्याला पापणी टेकवावी लागते.

आयपीस पदराने किंवा रुमालाने पुसू नका, ओरखडे पडतात. मालव्याच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि हे लहान मुलांच्या आईवडिलांनी नीट ऐकावं. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. काही खोक्यांत आयपीसवर बसवायची काळी काच ‘सूर्यासाठी’ म्हणून येते. उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो. ती काच आजच फेकून द्या.

येत्या भाद्रपदात गौरीपूजनाच्या रात्री आरती झाल्यावर, ढग नसतील तर, आम्ही मंडळाच्या पटांगणात दुर्बीण लावणार आहोत. चंद्र दहा-अकराला मावळतो, म्हणून जेवणं जरा लवकर उरका. ज्यांच्या माळ्यावर दुर्बीण आहे त्यांनी ती खाली काढून आणा. तिपाईचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा, ते नेहमी हरवतात. ४ चा आयपीस आणि तिप्पट करणारा बार्लो घरीच राहू द्या.