इमामबाड्यातला उजेड आणि दोन कॅमेरे

ऑलिम्पस आणि पॅनासोनिक यांनी 2008 साली मायक्रो फोर थर्ड्स हे लेन्स बसवण्याचं सामाईक माउंट जाहीर केलं. पुढच्याच वर्षी लेन्स बदलता येणारे दोन आटोपशीर कॅमेरे आले: ऑलिम्पसचा ई-पी1 आणि पॅनासोनिकचा जीएफ1. दोन्हींचा सेन्सर एकाच मापाचा, सुमारे 12 मेगापिक्सेलचा. ई-पी1मध्ये हात हलला की सेन्सरच उलट दिशेला सरकून फोटो सावरतो. जीएफ1मध्ये ही सोय नाही, पण फ्लॅश आहे आणि फोकस चपळ आहे. अशी यादी करून गुण मोजायची आपल्याला सवय लागली आहे. माझ्या मते, फोटो कशाचा काढायचा हे ठरल्याशिवाय ही तुलना सुरूच होऊ शकत नाही, आणि ते ठरलं की बॉडीपेक्षा लेन्सला जास्त महत्त्व येतं.

आपल्या लखनौचंच पाहा. बड्या इमामबाड्याचं मधलं दालन सुमारे 50 मीटर लांब, 15 मीटर उंच, आधाराला मधे एकही खांब नाही. तिथे छोटा फ्लॅश चार पावलांपलीकडे पोचत नाही, म्हणजे जीएफ1चा तो गुण बाद. उजेड कमी म्हणून शटर 1/15 सेकंदावर जातं आणि हात हलतोच. कमान मात्र जागची हलत नाही. इथे ई-पी1 सरळ जिंकतो. पण कैसरबागेत चला, भातखंड्यांच्या पुढाकाराने 1926 साली संगीताचं मॅरिस कॉलेज सुरू झालं त्या परिसरात, आणि समोर कथक आहे असं धरा. चक्कर घेणाऱ्या नर्तकीचा हात 1/15 सेकंदात धूसर पट्टा होतो. सेन्सर कितीही सावरला तरी तो हात थांबत नाही. छायाचित्रकार फेलिस बिआतोने 1858 साली लखनौची पडझड टिपली, तेव्हाच्या काचपट्ट्यांनाही स्थिर भिंतीच सोयीच्या होत्या. जीएफ1सोबत मिळत असे ती 20 मिलिमीटर, एफ/1.7 लेन्स ई-पी1च्या झूमच्या एफ/3.5पेक्षा चौपट उजेड आत घेते. 1/15चं शटर 1/60 होतं; आयएसओ 800वरून 3200 केला की 1/250. फोटोत दाणे दिसतील, पण बोटंही दिसतील.

कोणी म्हणेल, आयएसओ ई-पी1वरही वाढतो. वाढतो, पण त्या झूमसह 3200वरही शटर 1/60शीच अडतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 20 मिलिमीटरला झूम नाही, मागच्या रांगेतून नर्तकी ठिपक्याएवढी दिसते. हे खरं आहे. फोटो कापून मोठा केला तर पिक्सेल फार उरत नाहीत. पण उपाय पुन्हा लेन्सचाच: 2011 साली आलेली ऑलिम्पसची 45 मिलिमीटर, एफ/1.8 लेन्स जीएफ1वरही बसते, आणि पॅनासोनिकची 20 मिलिमीटर ई-पी1वर. माउंट सामाईक असण्याचा खरा फायदा हाच. मोबाइल कशाला कमी, असंही विचारलं जातं. मोबाइल अंधारात अनेक फोटो एकावर एक रचतो. कमानीला ते मानवतं, फिरत्या हाताला नाही.

तेव्हा फक्त वास्तू टिपणाऱ्यांनी ई-पी1 घ्यावा. मैफल आणि नृत्य टिपायचं असेल, तर चपळ फोकससाठी वापरलेला जीएफ1 घ्या आणि उरलेले पैसे मोठ्या छिद्राच्या लेन्सवर खर्च करा.