वसंतराव देशपांडे : वऱ्हाडचे एक ऋण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वार्षिक संमेलनात एखाद्या गुणी पुरुषाचे स्मरण करावे, ही आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही पंडित वसंतराव देशपांडे यांचे नाव सुचविले. त्यावर बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “ते आपल्यापैकी का?” प्रश्न सद्भावनेने विचारलेला होता. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. तूर्त एवढेच सांगतो, की ते वऱ्हाडचे होते.

अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान आगगाडी मूर्तिजापूरला थांबते. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंना जाणारी चिमुकली ‘शकुंतला’ गाडी येथूनच सुटत असे. ती आता बंद पडली. मराठी संगीत रंगभूमीचा ओनामाही ‘शाकुंतला’नेच झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते नाटक १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आणले. अशा या मूर्तिजापुरात २ मे १९२० रोजी वसंतरावांचा जन्म झाला. मात्र त्यांचे बालपण नागपुरात गेले. मातोश्रींनी एकटीने, काबाडकष्ट करून त्यांना वाढविले. हाताशी द्रव्य नाही, पाठीशी पुरुषमाणूस नाही, अशा स्थितीत त्या माउलीने मुलाच्या गळ्यातील सूर ओळखला आणि त्यास शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकावयास धाडले. पोटाची भ्रांत असता मुलाला गाणे शिकविणे हे केवढे धाडस होते, ते येथे जमलेल्या मातांना आम्ही सांगावयास नको. भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ या १९३५ सालच्या बोलपटात हाच मुलगा बालकृष्ण म्हणून दिसला.

वसंतरावांच्या वाढीचा तो काळ संगीत नाटकाच्या उतरणीचा होता. १९३१-३२ साली पडदा बोलू लागला आणि नाटक मंडळ्यांचे कनाती-तंबू एकामागून एक उतरू लागले. ज्या पदांसाठी लोक रात्र रात्र जागत, ती हळूहळू आठवणीत जमा झाली. बोलपटाच्या धंद्यात उतरलेल्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीसही मोठी ठोकर बसली. १९४२ साली दीनानाथ अकाली निवर्तले.

येथे एक गोष्ट वऱ्हाडकरांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी. दीनानाथांनी गाजविलेल्या ‘रणदुंदुभी’ नाटकाचे कर्ते वीर वामनराव जोशी हे आपल्या अमरावतीचे. त्यातील पदांना चाली दिल्या रामकृष्णबुवा वझे यांनी, आणि ती घराघरांत पोहोचविली दीनानाथांच्या तेजस्वी गळ्याने. त्या गायकीचा वसंतरावांच्या मनावर खोल ठसा उमटला. लेखणी अमरावतीची, गळा गोमंतकाचा, आणि पुढे ती ज्योत जपणारा मूर्तिजापूरचा, असा हा योग आहे.

पण ज्योत जपणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. नकला करणारे पुष्कळ असतात. दीनानाथांच्या गाण्यातील अनपेक्षित झेप, टप्प्याची चपळाई आणि सुराची बेदरकार फेक वसंतरावांनी पचविली, आणि मग ते स्वतःचे गाणे गायले. मराठी नाट्यसंगीताच्या वाटचालीवर ते सप्रयोग बोलत. पूर्वीचे नट एखादे पद कसे म्हणत, नंतर त्यात काय पालटले, हे ते गाऊन दाखवीत. तेव्हा ऐकणाऱ्यास कळे, की जुने पद ही काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, ती गळ्यातूनच जगते.

हे सारे पोटापाण्याची चिंता संपल्यावर घडले, असे कोणी समजू नये. लष्करी हिशेबखात्यात त्यांनी कितीतरी वर्षे कारकुनी केली. बदली होऊन ईशान्य सरहद्दीवरही ते गेले. दिवसा आकडे आणि रात्री तानपुरा, असा तो संसार होता. पुढे नोकरी सोडून ते सर्वस्वी गाण्याचे झाले.

१९६७ साली बालगंधर्वांचे निधन झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव. संगीत नाटक संपले म्हणणाऱ्यांना त्या नाटकाने निरुत्तर केले. त्याचे कथानक आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. आपल्या घराण्याची विद्या परक्याच्या हाती पडू नये म्हणून खाँसाहेब सदाशिव नावाच्या तळमळीच्या तरुणास दार बंद करतात. विद्या जन्माने आपली, ती बाहेरच्यास का द्यावी, हा तो अहंकार.

आता नवल पाहा. ही भूमिका करणाऱ्या नटाची स्वतःची विद्या कोठून आली होती? लाहोरास असद अली खाँ यांनी त्यांना मारवा दिला. सुरेशबाबू माने यांनी किराण्याची गायकी दिली. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर यांचाही लाभ त्यांना झाला. यांपैकी एकानेही ‘तू आमच्यापैकी का?’ असे विचारून दार लावले असते, तर वसंतराव घडले नसते. बंद दाराचे दुःख रंगमंचावर दाखविणारा हा कलावंत उघड्या दारांतून आत आलेला होता!

१९८२ साली त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला आणि ३० जुलै १९८३ रोजी ते निवर्तले. नागपुरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणले आणि आजोबांच्या जीवनावरील ‘मी वसंतराव’ या चित्रपटात गाऊन राष्ट्रीय पुरस्कारही मिळविला. ज्योत विझलेली नाही.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. वसंतराव आपल्यापैकी का? आमचे उत्तर असे, की ज्यांनी त्यांना शिकविले त्या सर्वांचे ते होते, म्हणून आपलेही आहेत. त्यांच्यावर हक्क सांगणे सोपे आहे, त्यांचे ऋण फेडणे कठीण. आपला विद्यार्थिनिधी दरवर्षी वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांस साहाय्य करतो. ते योग्यच आहे. परंतु अकोल्यात वा अमरावतीत एखादी माउली आजही धुणीभांडी करून मुलाला पेटीच्या वर्गाला धाडीत असेल. तिच्यासाठी या निधीत एक जागा राखावी, आणि तिचे मूल कोणत्या ज्ञातीचे हे आपण विचारू नये, अशी आमची या सभेस नम्र सूचना आहे.