मोटरच्या सायकलची मागची चकती पक्की बसली आहे ना?

 

आज हप्ते आणि व्याजाचं बोलणार नाही. आज सायकलच्या मागच्या चाकाबद्दल बोलायचं आहे. हा पुरुषांचा विषय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. सायकलवर आपण बसतो, पडलो तर आपणच पडतो.

हल्ली गटांच्या बैठकीत जुन्या सायकलला बॅटरीची मोटर लावायला कर्ज मागितलं जातं. मागणी चुकीची नाही. पहाटे भाजीची पाटी घेऊन स्टेशन गाठायचं, तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला वेळेवर पोचायचं, तर रोजचं रिक्षाभाडं कुणाला परवडतं? घरात सायकल आहे, मोटर लावली की काम भागतं.

पण आपल्यातल्याच एका ताईचं काय झालं ते ऐका. मोटर लावून पंधरा दिवस झाले होते. मागे टोमॅटोचे दोन क्रेट होते. चढ संपता संपता खाड् असा आवाज आला, चेन तारांत गेली आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. ताई रस्त्यावर, टोमॅटो रस्त्यावर. मागून गाडी येत नव्हती म्हणून कोपरावर निभावलं. सायकल उलटी करून पाहिली तर चकतीचे तीन बोल्ट गायब. नंतर महिनाभर सायकल घरी उभी होती, कर्जाचा हप्ता मात्र चालूच होता.

ही चकती म्हणजे काय? मोटरची चेन मागच्या चाकाला ज्या दातेरी चक्रावर फिरवते, ते चक्र. त्याला स्प्रॉकेट म्हणतात, गॅरेजमध्ये स्पॉकेट म्हणतात. आपण चकती म्हणू. पायडलची चेन चाकाच्या उजव्या बाजूला असते, म्हणून मोटरची चकती डाव्या बाजूला बसवतात. आणि साध्या सायकलच्या डाव्या बाजूला अशी चकती बसवायची जागाच केलेली नसते. अडचण इथे आहे.

१९७२ साली आपल्या महाराष्ट्रातल्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. तिलाही पायडल होतं. पण तिचं चाक कारखान्यातच इंजिनासाठी बनवलेलं होतं. आपली घरची सायकल माणसाच्या पायांसाठी बनवलेली आहे. साधारण माणूस सलग पायडल मारतो तेव्हा ७५ ते १०० वॉटची ताकद लावतो. मोटर २५० वॉटची, आणि ती दमत नाही. म्हणून चकती चाकाला कशी धरली आहे, ते बघायलाच हवं.

ती बसवायच्या तीन पद्धती आहेत.

पहिली, तारांवर आवळायची. आत रबराची गोल पट्टी, बाहेर रबराची पट्टी, मध्ये चाकाच्या तारा, आणि सगळं बोल्टने कसायचं. स्वस्त पडते, म्हणून जास्त दिसते. पण सायकलची तार ओढ सोसते, वाकणं सोसत नाही. रबर दबलं की बोल्ट ढिले होतात, चकती हलते, तारा हबजवळ तुटू लागतात. हब म्हणजे चाकाच्या मधला भाग, ज्यात तारा अडकवलेल्या असतात. अजून एक गोम आहे. या किटची चकती बहुतेक वेळा ९ भोकांची असते आणि ती ३६ तारांच्या चाकासाठी असते. दर ४ तारांमागे एक बोल्ट, हिशोब बरोबर जुळतो. पण आपल्या २८ इंची जुन्या दणकट सायकलच्या मागच्या चाकाला बहुधा ४० तारा असतात. चाळिसाला नवाने भाग जात नाही. मग कुठे बोल्ट तारेला घासतो, कुठे तार बाजूला दाबून बसवतात. म्हणून किट घेण्याआधी तारा मोजा. एका तारेला दोरा बांधा आणि तिथून मोजायला लागा, चूक होणार नाही.

दुसरी पद्धत, हबला आवळायची. दोन अर्ध्या कड्या हबभोवती बसवून कसतात आणि चकती त्या कड्यांना बोल्टने जोडतात. यात भार हबवर येतो, तारांवर येत नाही. ही पद्धत चांगली, पण कडीचं माप हबच्या मापाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. पत्र्याचा तुकडा कोंबून भागवलेलं काम घेऊ नका.

तिसरी पद्धत, हबच बदलायचा. दोन्ही बाजूंना आटे असलेला हब घालून चाक नव्याने विणून घ्यायचं. खर्च जास्त, पण चकतीला हक्काची जागा मिळते. इथे एक गोष्ट मेकॅनिकला जरूर विचारा. उजव्या बाजूच्या साध्या आट्यांवर पुढचा ओढा चकती घट्ट करतो. डाव्या बाजूला तेच साधे आटे असले तर मोटरचा ओढा चकती उलगडतो. म्हणून डावीकडे उलटे आटे हवेत, नाहीतर चकती बोल्टने किंवा लॉक रिंगने अडकवलेली हवी. "भाऊ, ही उलगडू नये म्हणून काय केलंय?" एवढं विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरं गॅरेज बघा.

आता तपासणी. आधी मोटरची चावी काढा, बॅटरीची वायर सोडवा. चेनजवळ बोट असताना मोटर चालू झाली तर बोट जातं. मग सायकल उलटी उभी करा.

एक. अगरबत्तीची काडी चौकटीला धरून तिचं टोक चकतीच्या दातांजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. काडी आणि दात यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं हवं. चकती डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा वर-खाली होत असेल, तर ती सरळ किंवा मधोमध बसलेली नाही.

दोन. मोटरच्या लहान चकतीपासून मागच्या चकतीपर्यंत दोरी ताणून धरा. दोन्ही एका रेषेत हव्यात. तिरकी चेन आज ना उद्या उतरतेच.

तीन. चेन मध्यावर बोटाने दाबा. साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. चाक फिरवून चार ठिकाणी बघा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल, तर चकती मधोमध नाही.

चार. प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा. बोल्ट ओळीने कसायचे नसतात. एक कसला की त्याच्या समोरचा, मग त्यांच्या मधला, असे थोडे थोडे कसायचे. नट आतून नायलॉनची रिंग असलेले मागा, ते धक्क्याने सहज सुटत नाहीत. कसून झाल्यावर नट आणि बोल्टवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना हातात न घेताही कळतं.

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर सगळं पुन्हा कसून घ्या. मग दर आठवड्याला बघा. आपल्याकडे खाडीचा खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. बोल्ट गंजतात, गंजलेला बोल्ट बदलायचा. चेनवर झाकण हवंच, साडीचा पदर आणि ओढणी चाकापासून लांब हवी. आणि दोन्ही ब्रेक चालू असल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. बॅटरीच्या गाडीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि तिला सरकारमान्य तपासणी संस्थेची मंजुरी असेल, तर तिला मोटार वाहन धरत नाहीत. म्हणून विकणाऱ्याकडे वॉट आणि मंजुरी दोन्ही लेखी मागा. पेट्रोलचं इंजिन २५ सीसीपेक्षा मोठं असेल तर ते मोटार वाहनच, त्याला नोंदणी, लायसन, विमा सगळं लागतं.

शेवटी गटांना एक सुचवते. सायकलच्या मोटरसाठी कर्ज दिलं, तर ठरावात दोन ओळी लिहा. पहिली, किटची आणि बसवण्याच्या मजुरीची पावती गटाला दाखवायची. दुसरी, मेकॅनिकला मजुरी अर्धी काम झाल्यावर आणि अर्धी आठवड्याने, बोल्ट पुन्हा कसून दिल्यावर द्यायची. हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरवा, म्हणजे नंतर वाद नको. आणि प्रत्येक गटाने एक पान्यांचा संच घ्यावा. बैठकीच्या दिवशी सायकली अंगणात उलट्या करायच्या आणि एकमेकींच्या चकत्या तपासायच्या. दहा मिनिटांचं काम आहे. वही तपासतो तशी चकती तपासायची.

 सांभाळून जा, सांभाळून या.