उशीर झाला असे कोण म्हणतो?





अशा समारंभात एखाद्या थोर विद्वानाचे चरित्र सांगण्याचा रिवाज आहे. मी मात्र आज एका खेळाडूविषयी बोलणार आहे. त्याला कारण आहे. निकालाचे दिवस आले की आपल्या घरोघरी एक वाक्य ऐकू येते : ‘आता उशीर झाला.’ मुलगा दहावीत नापास झाला, उशीर झाला. मुलीची शाळा दोन वर्षे सुटली, उशीर झाला. इंग्रजी कच्चे राहिले, उशीर झाला. या वाक्याला हकीम ओलाजुवान यांच्या आयुष्यात चोख उत्तर आहे.

नायजेरियातील लागोस शहरात २१ जानेवारी १९६३ रोजी एका योरुबा मुस्लिम कुटुंबात हकीमचा जन्म झाला. आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय होता. मुलगा ताडमाड वाढला. तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता, हँडबॉलही खेळे. लागोसच्या मुस्लिम टीचर्स कॉलेजमध्ये तो शिकत होता. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत तो बास्केटबॉल खेळलाच नव्हता. अमेरिकेत या खेळात पुढे येणारी मुले शाळेत जाऊ लागल्यापासूनच चेंडू आपटू लागतात. त्या हिशोबाने हकीमला उशीरच झाला होता!

पण मित्रांनो, येथेच एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आधीची वर्षे वाया गेली नव्हती. गोलरक्षकाला समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, चेंडू कुठे येणार, हे क्षणात ओळखावे लागते. हँडबॉलमध्ये धावता धावता वळावे लागते. ही पायांची चपळाई आणि नजरेची सवय हकीमने बरोबर आणली. पुढे एका बाजूला झुकल्याचे भासवून दुसऱ्या बाजूला वळण्याची त्यांची लकब ‘ड्रीम शेक’ या नावाने जगभर गाजली. मनापासून शिकलेली विद्या अशी कुठे ना कुठे कामास येतेच.

१९८० साली हकीम अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात दाखल झाला. पहिल्या वर्षी त्याला अधिकृत सामने खेळताच आले नाहीत. दुसऱ्या वर्षीही मैदानावर फारसा वेळ मिळेना. तेव्हा त्याने प्रशिक्षकांनाच विचारले, मी काय करू? सल्ला मिळाला, की मोझेस मलोनबरोबर सराव कर. मलोन त्या वेळी व्यावसायिक बास्केटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होते. सुट्टीच्या दिवसांत त्या बलदंड माणसासमोर उभे राहून हकीमने धक्के खाल्ले आणि विद्या घेतली. आपल्यापेक्षा कमजोर खेळाडूंना हरवून टाळ्या मिळवणे सोपे होते. त्याने अवघड वाट धरली.

तरीही यश लगेच आले नाही. १९८३ साली विद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना त्याचा संघ शेवटच्या क्षणी ५४–५२ असा हरला. १९८४ साली पुन्हा अंतिम फेरीत हार. त्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला सर्वांत आधी निवडले. त्या यादीत मायकेल जॉर्डन तिसरे होते. परंतु १९८६ साली एन.बी.ए.च्या अंतिम लढतीत बोस्टनने रॉकेट्सला हरवले. त्यानंतर अंतिम लढत पुन्हा दिसायला आठ वर्षे गेली.

त्या काळात हकीम मैदानावर लवकर तापत, पंचांशी हुज्जत घालीत. पुढे ते धर्माचरणाकडे अधिक वळले आणि त्यांच्या स्वभावाला स्थैर्य आले. १९९१ साली त्यांनी ‘अकीम’ असे लिहिले जाणारे आपले नाव दुरुस्त करून ‘हकीम’ केले. १९९४ साली रॉकेट्सने न्यूयॉर्कला सात सामन्यांच्या लढतीत नमवून विजेतेपद मिळवले. मोसमातील सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम लढतीतील सर्वोत्तम खेळाडू, असे तिन्ही मान त्या एकाच मोसमात हकीम यांना मिळाले. त्याआधी हे कुणालाही साधले नव्हते. १९९५ साली पुन्हा विजेतेपद आले.

त्या १९९५ सालची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. त्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभीच रमजान सुरू झाला. हकीम रोजे ठेवून खेळत होते. सामना दिवसा असला तरी पाण्याचा घोट नाही. आणि त्याच फेब्रुवारीत एन.बी.ए.ने त्यांना महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले! रोजा आहे म्हणून अभ्यास होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१९९३ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २००२ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर २६,९४६ गुण होते, आणि प्रतिस्पर्ध्यांचे ३,८३० फटके त्यांनी हवेतच अडवले होते. हा फटके अडवण्याचा एन.बी.ए.तील विक्रम आहे. गोलरक्षकाचे हात अखेरपर्यंत उपयोगी पडले ते असे.

पालकहो, आपल्या प्रत्येक मुलाने व्यावसायिक खेळाडू व्हावे, असे मी सुचवीत नाही. तशी उंची आणि तशी संधी लाखांत एखाद्यालाच लाभते. पण उशिरा आरंभ करणे, आधीची विद्या नव्या कामास लावणे आणि आपल्याहून थोर माणसासमोर शिष्य म्हणून उभे राहणे, या तीन गोष्टींना सात फूट उंची लागत नाही. शाळा सुटलेल्या मुलीला १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवता येते. नापास मुलाला ‘तुला काय येत नाही’ असे विचारण्याआधी ‘तुला काय येते’ असे विचारता येते. गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या मुलाला यंत्र कळलेले असते. ते त्याचे भांडवल आहे, त्यावर पुढचे शिक्षण उभे करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, २००९ साली कोबी ब्रायंट हकीम यांच्याकडे पायांच्या हालचाली शिकायला गेले, तेव्हा त्यांच्या पदरी चार विजेतेपदे होती. चार वेळा विजेता ठरलेला माणूस शिकायला जातो, मग तुम्हाला कसली लाज? या समारंभाहून घरी जाल तेव्हा अर्धवट सोडलेले पुस्तक काढा, आणि अडेल तेथे उद्या सकाळी शिक्षकांना गाठा.

खुदा हाफिज.