शील एकट्याने पाळावयाचे काय?

(बुद्धविहारातील पौर्णिमेच्या सभेत दिलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो,

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. प्रतिज्ञा घेणे हे एका क्षणाचे काम. ती पाळणे हे जन्माचे काम. ज्याच्या अंगी व्यसन मुरले आहे, त्याने ती पाळावी कशी? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील मद्यपींनीच शोधून काढले. तो इतिहास मी आज आपणांपुढे ठेवतो.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील गृहस्थ. दारूपायी त्याची मिळकत आणि अब्रू दोन्ही गेली. डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यास समजावले की, हे केवळ मनाचे दौर्बल्य नव्हे, हा रोग आहे. डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली. त्यानंतर तो इतर मद्यपींना उपदेश करीत फिरला. एकही सुधारला नाही. परंतु तो स्वतः मात्र तरला!

मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायओ राज्यातील अ‍ॅक्रन शहरी गेला. काम फसले. हॉटेलात समोरच मद्यगृह होते. मन डळमळू लागताच त्याने टेलिफोन उचलला व एका पाद्र्याकडे विचारणा केली की, ज्याच्याशी बोलता येईल असा एखादा मद्यपी येथे आहे काय? त्यातून १२ मे रोजी डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ पडली. डॉक्टर पंधराच मिनिटे द्यावयास राजी होते. बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले. कारण समोरचा मनुष्य उपदेशक नव्हता, समदुःखी होता. डॉक्टर पुढे एकदा घसरले. परंतु १० जून १९३५ नंतर त्यांनी मद्यास स्पर्श केला नाही. हाच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपींच्या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो. लगेच दोघेही रुग्णालयातील तिसऱ्या मद्यप्याच्या खाटेशी जाऊन बसले.

१९३९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा सभासद सुमारे १०० होते. १९४१ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात लेख आला आणि वर्षअखेर ही संख्या सुमारे २,००० वरून ८,००० वर गेली. १९५० मध्ये मंडळाने आपले नियम संमत केले. सभासदत्वास वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. तथापि अमेरिकेतील वर्णभेद याही दाराशी उभा होता. म्हणून १९४५ मध्ये वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय डॉक्टराने आपल्या बांधवांसाठी शाखा उभारली. दार उघडेपर्यंत ते थांबले नाहीत.

कोणी म्हणेल, त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचे नाव आहे. खरे आहे. ते आपणांस स्वीकारण्याचे कारण नाही. मंडळातील नास्तिकांनीही आक्षेप घेतला होता, म्हणूनच 'ज्याला जसा समजेल तसा' हे शब्द तेथे घालावे लागले. आपण घ्यावयाचा तो मैत्रीचा मार्ग. भगवान बुद्धांनी आत्मनिर्भरता शिकविली, तरी संघही स्थापिला. उपोसथाच्या आधी भिक्खू आपला दोष सहकाऱ्यापुढे सांगतात, ही परंपरा त्या मंडळाहून कितीतरी प्राचीन आहे.

आपल्या वस्तीत काय घडते? प्रतिज्ञा मोडलेल्या मनुष्यास आपण हिणवितो. तो विहाराची पायरी चढत नाही आणि गुत्त्याची वाट धरतो. त्याची पत्नी लाजेने ही गोष्ट लपविते. मुलांची शाळेची फी गुत्त्यात जाते. बंधूंनो, प्रतिज्ञा मोडणे हा दोष आहेच. पण मोडलेल्यास टाकून देणे हा आपला दोष आहे. बहिष्काराचे दुःख आपल्याहून अधिक कोणी जाणावे?

म्हणून माझी विनंती एवढीच की, ज्याची दारू सुटली आहे त्याने आज ज्याची सुटत नाही त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. स्वतःची हकीकत सांगावी. जे ऐकले ते बाहेर बोलू नये. त्यात त्याचे कल्याण आहे आणि जाणाऱ्याचेही आहे.

जय भीम!